हवाई होना के स्पॅनिश होना

गिटार पाहिजे असं मी घरी सांगितलं तेव्हा मी अकरावीत होती. बाबा पेपर वाचून राहिले होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं अन् परत वर केला. आतून आईच बोलली, "गिटार काहून पाहिजे वं? पेटी शिक ना, पाहुण्यांसमोर वाजवता तरी येते."

पण मी सोडते थोडी. गॅदरिंगमधे एका पोरीले गिटार वाजवताना पाहिलं होतं, अन् तेव्हापासून मी जेवताना ताटाच्या काठावरसुद्धा बोटं वाजवून राहिली होती. शेवटी बाबा म्हणाले, "सगळ्यात स्वस्त असन ती घेऊ. दिवाळीपर्यंत एक गाणं वाजलं पाहिजे. नाही वाजलं तं परत."

बर्डीच्या बाजारातल्या दुकानात गिटारी मांडवाले दुधी लटकतात तशा वरून लटकल्या होत्या. दुकानदारही तयार झाला, दिवाळीपर्यंत चांगली ठेवली तं परत घेईन म्हणाला. मंग बाबांनी एक एक खाली काढाले लावली अन् बोटाच्या गाठीनं ठोकून पाहिली. पोटावर, पाठीवर, उन्हाळ्यात मटका घेताना ठोकतात ना, अगदी तशी. मले जमिनीत शिरावंसं वाटून राहिलं होतं.

"भाऊ, मटका नाही घेऊन राहिले तुम्ही," दुकानदार म्हणाला.

"फुटकं असन तं आवाजच सांगते," बाबा म्हणाले. अन् एकीचा आवाज खरंच फाटका निघाला. आतली लाकडाची पट्टी सुटली होती. दुकानदारानं ती गुपचूप मागं ठेवली.

स्वस्तातली एक पक्की निघाली, लाल-काळी. मंग कोणती पाहिजे म्हणून दुकानदारानं विचारलं, "हवाई होना के स्पॅनिश होना?"

मले फरक माहीत नव्हता अन् विचाराची लाज वाटली. बाबाले मात्र लगेच समजलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. हवाई म्हणजे हवाई चप्पल असते तशी, हलकी, स्वस्त, रोजच्या वापराची. स्पॅनिश म्हणजे बाहेरची, महाग. "हवाई द्या," बाबा ठसक्यात बोलले. "पोरगी आत्ता शिकून राहिली, तिले स्पॅनिश काय कराची."

दुकानदारानं गिटार आत नेली, तारांची काही खुडबूड करून आणली, अन् सोबत अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत लोखंडाचा तुकडा दिला. घरी येताच तो आईनं उचलला. "अद्रक कुटाले बरा आहे," म्हणाली. चहाले त्या दिवसापासून वेगळीच चव.

मी पुस्तक उघडून बसली. त्यात बोटं कुठं दाबाची त्याची चित्रं होती. पण तारा इतक्या वर, की खालून पेन्सिल जाईल. मी दाबू दाबू थकली. बोटाले फोड आले, ते फुटले, परत आले, अन् आवाज काय तं ठप्प. आई माझे हात पाहून म्हणे, "माझ्यावर गेले, लहानच आहेत." मलेही तेच पटलं. आपल्या हातातच नाही, संपलं. बाबा जवळून गेले की मी नुसताच तारांवरून अंगठा फिरवे. ते विचारत, "गाणं?" मी म्हणे, "बसून राहिलं हळूहळू."

मंग दिवाळी आली, आईनं चकल्या तळल्या, अन् बाबा गिटार चादरीत गुंडाळाले लागले. सायकलच्या मागं मी ती कवेत धरून बसली.

दुकानदारानं उलटीपालटी करून पाहिली. "ठीक आहे. लोखंड कुठाय?"

"कोणतं लोखंड?" बाबांनी विचारलं.

"तारेवर फिरवाचं असते ना ते."

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "त्यानं तं आई अद्रक कुटते."

तो आधी हसला, मंग थांबला. "मंग तू वाजवली कशानं?"

"बोटानं."

"हवाई? बोटानं?" त्यानं माझी बोटं पाहिली. "अवं बाई, हवाई मांडीवर आडवी ठेवतात अन् वरून लोखंड फिरवतात. म्हणून तारा मुद्दाम उचलल्या असतात. पहेलवान आणला तरी दाबणार नाही."

मी तिथंच स्टुलावर बसली. माझे हात बरे होते. इतके दिवस मी हातालेच शिव्या देऊन राहिली होती अन् ते बिचारे बरे होते.

त्यानं तारा ढिल्या केल्या, मानेच्या टोकाशी घातलेली लोखंडी पट्टी ओढून काढली, तारा परत कसल्या. तारा खाली बसल्या. "झाली स्पॅनिश," तो म्हणाला.

"हीच?" बाबांनी विचारलं. "अन् वरचे पैसे किती लागतीन?"

"पट्टी काढाचे काय लागते, भाऊ."

मी पुस्तकातलं पहिलं चित्र आठवून बोटं ठेवली अन् अंगठा फिरवला. एक तार खरखरली, पण बाकीच्या वाजल्या, खऱ्याखुऱ्या. बाबांनी मान वाकडी करून ऐकलं, मंग गिटारच्या पाठीवर गाठीनं एकदा ठोकलं. "आवाज पक्का आहे हे मी तेव्हाच म्हटलं होतं," ते म्हणाले. "चल. होळीपर्यंत गाणं."

घरी आई दारातच उभी होती. माझ्या हातात गिटार पाहून तिचा चेहरा खुलला.

"मंग," तिनं हळूच विचारलं, "माझा अद्रकाचा बत्ता नाही ना मागितला त्यानं?"