पाकिटं काढणार नाही

मुंबईत चित्रकला शिकून मी मुरबाडजवळच्या आमच्या गावी परत आले, तेव्हा लोकांना वाटलं मला नोकरी लागली नाही. मला मात्र तिथे ऐनाच्या झाडाची साल मिळत नव्हती. ऐनाची साल, कुड्याच्या शेंगा, किड्यांनी जाळी केलेलं सागाचं पान, भाताचं तूस हे सगळं मी जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे. मग चित्राचा तुकडा न् तुकडा स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि तिथे त्याचं रान उभं करायचे. अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लावले की भिंती आणि जमीन पानांनी भरून जायची. माणूस चालला की सेन्सरला कळायचं आणि त्याच्या पायाखालचा पाचोळा बाजूला सरकायचा.

रानात पडलेलं सगळंच मी उचलत होते. त्यामुळे चित्रात गुटख्याची पाकिटंही आली, चिप्सची आली, खताच्या गोणीचे निळे धागे आले.

आई वैतागायची. "लोक घरातला कचरा भायेर टाकतात, तू भायेरचा घरात आणतेस. काय म्हणू गो तुला?"

एकदा मुंबईच्या एका गॅलरीच्या बाई गाडी करून आमच्याकडे आल्या. भाताची कोठी असलेल्या खोलीत मी काळे पडदे लावून सगळं मांडलं होतं. बाई आत बराच वेळ थांबल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. आईने चहा आणला.

"आपण प्रदर्शन करू या," त्या म्हणाल्या. "फक्त ती पाकिटं काढा. लोक शांततेसाठी येतात हो. आणि बाहेरच्या फलकावर 'आदिवासी कलाकार' असं लिहू."

"मी आदिवासी नाही. आम्ही भातशेती करणारी माणसं. आदिवासी वर डोंगरातल्या पाड्यांवर राहतात."

"मुंबईत कुणाला फरक कळतो?"

"मला कळतो," मी म्हटलं. "आणि पाकिटं काढणार नाही."

चहा अर्धा ठेवून बाई निघाल्या. गाडी वळणाआड गेली आणि आईचा तोल सुटला. "चार पाकिटं काढली असतीस तर काय बिघडलं असतं?"

 मला राग आला होता. रविवारी मुंबईहून धबधब्यावर यायचं, पाकिटं टाकून जायचं आणि मग एसी खोलीत स्वच्छ रान बघायला मागायचं. ते मी का करून देऊ?

लग्नसराई संपल्यावर शहापूरच्या बाजारामागचं एक मंगल कार्यालय मोकळं होतं. मालकाने हौसेने हॉल दिला. मी टेम्पोत सगळं सामान भरून नेलं. पहिल्या दिवशी बाजाराला आलेली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊनच आत शिरली. त्यांच्या मुली पानांमधून पळत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी तिथले एक पुढारी आले. चार माणसं बरोबर. हॉलभर फिरले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"तालुक्याचं नाव मोठं करायचं सोडून घाण काय दाखवता, ताई?"

"जे आहे ते दाखवते."

त्यांनी मालकाकडे नुसतं बघितलं. मालक माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "तेवढी पाकिटं काढून टाका ना. मला इथंच राहायचंय."

"तुम्ही लाइट बंद करा," मी म्हटलं. "हॉल तुमचा आहे. पण मी काढणार नाही."

तेवढ्यात दारात आई दिसली. एसटीने आली होती, माझा डबा घेऊन. आत काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. तिने चपला बाहेर काढल्या, देवळात शिरावं तशी आत आली. पाचोळा तिच्या पायांपासून सरकला. एक चकचकीत पाकीट तिच्या अंगठ्याशी येऊन थांबलं. ती वाकली आणि ते उचलायला गेली. हातात काही आलं नाही. तिने पुन्हा हात घातला. त्या चार माणसांपैकी कुणीतरी हसलं.

"हातात येत नाय गो हे," ती मला म्हणाली.

"नाही येणार, आई."

"बघा," पुढारी म्हणाले, "तुमच्या आईलाही नको वाटतंय."

आई सरळ उभी राहिली. एका हातात डबा, दुसऱ्याने पदर सावरत. "नकोच वाटतंय. पन पडलंय ना रानात? आमी रोज बघतो. तुमी पन बघा."

पुढारी फोन कानाला लावून बाहेर पडले. मालक बटणापाशी उभा होता. त्याचा हात बटणाकडे गेला नाही. ठरलेले सगळे दिवस प्रदर्शन चाललं. मोबाइलवर माझ्याबद्दल वाईटसाईट फिरलं आणि ते वाचून आणखी माणसं आली.

त्या संध्याकाळी घरी परतताना जीपमध्ये आई म्हणाली, "मला काय आवडलं नाय हां. डोकं दुखतं त्यात."

"नसू दे आवडलं," मी म्हटलं. ती हसली. अजूनही तिला ते आवडत नाही, आणि आम्ही त्यावरून भांडतो.

आता मी बंगल्यांच्या प्लॉटसाठी कापलेली टेकडी चित्रात उभी करते आहे. लाल माती, चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा, उपटलेली मुळं. प्लॉट विकणाऱ्या एका माणसाचा परवा फोन आला होता. मी काय करते आहे ते त्याच्या कानावर गेलं होतं. त्यात थोडी हिरवळ टाकाल का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, टेकडीवर लावा, मग टाकते.