प्रतिपिंडं आणि गोठ्यातले तीन दिवस

मी निरोगी आहे हे सिद्ध करायला गेलो आणि तीन दिवस गोठ्यात राहिलो.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात आमच्या मुकुटबनला रक्त तपासणारं पथक आलं. जनावरांच्या अंगावरचे गोचीड चावून जो ताप येतो, तो धडधाकट माणसांना नकळत कितपत होऊन गेलेला असतो, हे त्यांना बघायचं होतं. पथकातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आम्हाला आजारी माणसं नकोत. एकदम ठणठणीत लोक पाहिजेत." एवढं ऐकलं आणि मी उठलोच! पन्नाशी उलटली तरी कापसाचं गाठोडं एका झटक्यात डोक्यावर घेतो मी (दुसऱ्या झटक्यात ते खाली येतं, पण ते सोडा). पहिला नंबर लावला, बाही सरकवली, दंड ताठ केला.

मागे माझी बायको सुनंदा उभी होती. ती म्हणाली, "अवो, रक्त काढून राह्यले ते, कुस्ती नाई लावून राह्यले!"

महिन्याभराने आशाताई दोघांच्या नावाचे दोन लिफाफे देऊन गेल्या. सुनंदा कापूस वेचायला गेली होती. मी माझा लिफाफा फोडला. 'आपल्या रक्तात गोचीडजन्य तापाची प्रतिपिंडे आढळली.' खाली अजून चार ओळी होत्या, पण त्या कोण वाचतो? माझी नजर 'पिंडे'वर जी अडकली ती अडकलीच! शिक्क्याच्या कागदावर वर माझं नाव आणि खाली पिंड! घशाला कोरड पडली, कपाळ गरम लागलं. (उन्हात उभा होतो, हे नंतर लक्षात आलं.)

सुनंदा वावरातून येईपर्यंत मी खाट, गोधडी आणि तांब्या घेऊन गोठ्यात मुक्काम हलवला होता.

"हे काय नवीन?"

"जवळ येऊ नको! मले गोचिडाचा रोग निंघाला. तुले लागन!"

"तुमाले? सकाळी चार भाकरी खाल्ल्या ना तुमी!"

"रोगात भूक वाढते."

"आन् माह्या कागदात काय हाय?"

"पाहू नको! एकाच घरात दोन धक्के नको."

ती कपाळावर हात मारून आत गेली आणि थोड्या वेळाने तिने लांबूनच ताट सरकवलं. गाय, दोन बैल आणि मी असे चौघं शेजारी शेजारी जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी बाभुळगावला बहिणीला फोन केला. "कुसुम, एकदा भेटून जाय." आवाज जरा जास्तच खोल गेला असावा, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्याच्या दारातच रिक्षातून हंबरडा फोडत उतरली. "दादा वो! असा कसा रे चालला तू!" गाय बिचकली, खुंट्याला हिसका बसला, शेजारपाजार गोळा झाला. त्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा रहीमभाई पाना घेऊनच आला.

"क्या हुआ भाऊ?"

मी दुरून कागद दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "हा तर मले बी आला! म्या त्याच्यानं ऑइलचे हात पुसले."

"आन् तू अजून जिता कसा?" मी ओरडलो.

कुसुमने रहीमभाईकडे पाहिलं आणि त्याच्यासाठी नव्याने रडायला लागली!

"अवो ताई, मी चांगला हाय!" तो घाबरून म्हणाला. आता सुनंदाने आपला लिफाफा आणून सगळ्यांसमोर फोडला. तेच वाक्य! एका घरात दोन पिंडं! मी खाटेवर बसलोच. तिने मात्र सरळ डॉक्टर मॅडमना फोन लावला. पथक गोचीड गोळा करायला पुन्हा शिवारातच आलं होतं, अर्ध्या तासात मॅडम आल्या.

"काका, प्रतिपिंडं म्हणजे आजार नाही. कधीतरी ते जंतू अंगात शिरले होते, शरीर त्यांच्याशी लढलं, त्याची खूण रक्तात राहिली. अशा खुणा बऱ्याच निरोगी माणसांत सापडतात. खालच्या चार ओळींत तेच लिहिलंय."

"म्हंजे माह्यापासून कोनाले लागत नाई? मंग म्या तीन दिवस उगाच अलग राह्यलो?"

"नाही. गोचीड चावला तरच लागण होते. तुम्ही तीन दिवस होता कुठे?"

सगळ्यांनी आधी गाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मॅडमनी हातमोजे चढवले. "मान वळवा."

एक कानामागे निघाला, एक काखेत, तिसरा कमरेला. टम्म फुगलेले! सुनंदाचं हसू पळालं. "यायनं आता खरंच ताप येईन का जी?"

"येईलच असं नाही. पण पंधरा दिवस लक्ष ठेवा आणि अंग तापलं तर लगेच दवाखान्यात आणा." (सुनंदा पुढे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ माझं कपाळ चाचपत होती. काही झालं नाही.)

मॅडमनी चिमट्याने तिन्ही गोचीड बाटलीत टाकले आणि खूश होऊन म्हणाल्या, "आमची माणसं कालपासून शिवार पालथं घालताहेत, त्यांना इतके छान मिळाले नाहीत!" माझी मान पुन्हा ताठ झाली. मग त्या बाटलीची चिठ्ठी भरायला बसल्या. गाव, तारीख... आणि 'कोणत्या जनावरावर सापडले' इथे त्यांचं पेन थांबलं.

"बैल लिवा जी," सुनंदा म्हणाली.

तीन दिवस मी कुठे होतो हे सगळ्या गावाने पाहिलेलं. मॅडमनी 'बैल' लिहिलं.