हवा मारलेली नळी

मी पदवीधर झालो तो माझ्या आत्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. खारबावच्या शाळेतून बारावी झालो, तेव्हा वडील म्हणाले, आता पुरे, शेतावर ये. दुसऱ्या दिवशी आत्या आली, माझी पत्र्याची पेटी उचलून रिक्षात ठेवली आणि वडिलांना म्हणाली, "हा माज्या घरी राहील. तुज्या शेतावर चिखल तुडवायला तू हायस ना?" तिथून पुढची तीन वर्षं मी नारपोलीत तिच्या घरी राहिलो आणि बी.कॉम. झालो.

आत्या विधवा होती. खाली सोळा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर राहायच्या तीन खोल्या. जमीन दिवसभर थरथरायची आणि ताटात, उशीवर, पाण्याच्या हंड्यावर कापसाच्या रुईचा पांढरा थर बसायचा. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं; सही म्हणून ती अंगठा द्यायची. पण तिच्याशी व्यवहार करणारा कुणीही तोंडी बोलून सुटत नसे. "तोंडाचं काय खरं? लिहून दे," हे तिचं ठरलेलं वाक्य. लिहून दिलेला कागद ती घरात दोनदा वाचून घ्यायची. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द बदलला तर तिला कळायचं.

हे वाचायचं काम आधी माझ्याकडे होतं. माझ्या दुसऱ्या वर्षाला आतेभावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. ती अकलोलीकडची, दहावीला शाळेत पहिली आलेली. तिला पुढे शिकायचं होतं. आत्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "या घरात एक शिकतोय तेवडा बास." त्यानंतर माझा कॉलेजचा शर्ट इस्त्री करायचं काम वहिनीकडे आलं. तिनं तो कधी जाळला नाही, पण शर्ट माझ्यासमोर ठेवताना ती माझ्याकडे कधी बघतही नसे. मलाही ती आवडत नव्हती. मी शिकून खारबावला परतल्यावर कागद वाचायचं काम तिच्याकडे गेलं, तेही मला आवडलं नव्हतं. आतेभाऊ खाली लूम सांभाळायचा आणि घरातल्या भांडणात कान बंद ठेवायचा.

मला ठाण्यात नोकरी लागली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आत्याचं दुखणं सुरू झालं. ती बसल्या जागी झोपू लागली. भाजी निवडताना, बोलता बोलता. घोरणं तर लूमच्या आवाजावर चढायचं. एकदा ती खाली कारखान्यात स्टुलावर बसली असताना तिला डुलकी लागली आणि लुगड्याचा पदर लूमच्या पट्ट्यात गेला. लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरनं धावत जाऊन स्विच पाडला म्हणून ती वाचली. मी तिला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या करून सांगितलं, झोपेत हिचा श्वास अडतो, पुन्हा पुन्हा अडतो, मशीन लावावंच लागेल. नाही लावलं तर हृदय दमेल.

मशीन आलं. टेबलावर मावेल एवढा डबा, त्यातून निघालेली माणसाच्या उंचीची, वळ्यावळ्यांची नळी आणि तिच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. आत्यानं पहिल्या दिवशी नळी हातात धरून विचारलं, "ही हत्तीची सोंड कोनासाटी?" पण आठवड्यानं तिनं कबूल केलं, की कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

नळी दर आठवड्याला धुवायची होती. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून धुण्याच्या कामावर मी देखरेख करायची असं ठरलं. दर रविवारी मी खारबावहून यायचो. पहिल्या रविवारी सगळ्यांना बसवून मी पुस्तक मोठ्यानं वाचलं. आधी इंग्रजी, मग मराठी. कोमट पाणी, सौम्य साबण, स्वच्छ पाण्यानं खळबळणं, सगळं सांगितलं. शेवटी ओळ आली, 'हँग टू एअर ड्राय'. मी म्हणालो, "मग हवेनं सुकवायची."

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "भावजी, टांगून ठेवायची असंल. आपली आपण सुकेल."

"वहिनी, हे इंग्रजी आहे," मी म्हणालो, "रेशनकार्ड नाही."

आत्या एवढी हसली, की तिला ठसका लागला. "ऐकलंस? बी.कॉम. झालाय तो. तू काय झालीस?"

वहिनी आत गेली. पण त्या दिवशी तिनं नळीची दोन्ही टोकं धरून जोरानं फिरवली, वळ्यांत अडकलेलं पाणी झटकून काढलं आणि नळी मागच्या खोलीत खिळ्याला टांगली. दिवस पावसाळी होते. संध्याकाळी नळीत थोडे थेंब राहिलेच. सकाळी आत्याची तक्रार, "नाकात पानी येतंय." मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

पुढच्या रविवारी मी पुस्तकातल्याप्रमाणे करायचं ठरवलं. लूमच्या कारखान्यात वाढलेल्या किंवा राहिलेल्या माणसाला 'हवा' म्हटलं की एकच गोष्ट आठवते. शिफ्ट संपताना जॉबर कंप्रेसरचा पाइप घेतो आणि लूमवर साठलेली रुई उडवतो. त्याला हवा मारणं म्हणतात. 'लूमला हवा मार', 'पंख्याला हवा मार', अगदी अंगावर रुई बसली तरी 'शर्टाला हवा मार'. वहिनीनं धुतलेली नळी मी खाली नेली, एका टोकाला कंप्रेसरचा पाइप लावला आणि हवा मारली. दोन मिनिटांत नळी कोरडी ठाक. मी ती वर आणून आत्याच्या हातात दिली. तिनं आत बोट घातलं, बोट कोरडं निघालं.

"बघ," ती वहिनीला म्हणाली, "याला शिकनं म्हनतात."

असे चार रविवार गेले. चौथ्या आठवड्यात आत्याला खोकला लागला. घसा जळतो म्हणायची, छातीत घरघर, ताप. आतेभाऊ तिला मशीनसकट ठाण्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी नाकाजवळ नेली आणि विचारलं, "हिच्यात तेल कुठून आलं?"

त्या रविवारी मी गेलो तेव्हा घरात तोच विषय चालला होता. आत्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. वहिनी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी.

"डॉक्टर खोटं बोलल? नलीत तेल हाय. मना मारायला बसलीस?"

"आई, मी धुते तेवढंच. कंप्रेसरची हवा भावजी मारतात."

"त्याचं नाव घेऊ नको! तो पुस्तक बघून करतो. तू केसाला तेल चोपडतेस, त्याच हातानं नली धरतेस. मना काय म्हायती न्हाय?"

"न्हाय धरत. हात धुऊन धरते."

"दे लिहून!"

लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच वहिनीनं माझ्याकडे सरळ बघितलं. "भावजी, तुमी बोला की."

मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसंच मी केलंय."

मी खोटं बोललो नव्हतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आत्यानं वहिनीच्या हातातला पेला दूर सारला. पाणी चादरीवर सांडलं. त्या दिवसापासून वहिनीच्या हातचं पाणी आणि चहा बंद. आणि मशीनही बंद. आत्यानं मास्क, नळी, डबा सगळं पलंगाखाली ढकललं. "हिनं धुतलेल्या नलीनं श्वास घेन्यापेक्षा बिनश्वासाची मेलेली बरी," म्हणाली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो तो वहिनीला खोटं पाडायलाच. पलंगाखालून पुस्तक काढलं, म्हटलं ती ओळ तिच्यापुढे धरतो. ओळीच्या खालीच चित्र होतं. एक दांडी, दांडीवर टांगलेली नळी, दोन्ही टोकं खाली सोडलेली. बाकी काही नाही. पाइप नाही, पंखासुद्धा नाही. मी दर वेळी अक्षरं वाचून पान उलटत होतो. बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत इंग्रजीत पास झालेला मी, मला 'हवेत सुकू द्या' एवढं कळलं नव्हतं.

मी खाली जाऊन जॉबरला विचारलं. तो उत्तर प्रदेशचा, बारा वर्षं त्याच कारखान्यात. कंप्रेसरवर हात ठेवून म्हणाला, "भाई, इसमें तो तेल पड़ता है. हवा के साथ आता ही है. मैं खुद कपड़ा हटा के हवा मारता हूँ, नहीं तो दाग लगता है."

"तो मेरे को पहले बोलना था ना."

"आप पढ़े-लिखे आदमी. मैंने सोचा, किताब में लिखा होगा."

त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी जिना चढलो ते सांगायचं ठरवूनच. वर आत्या सुपात तांदूळ घेऊन बसली होती आणि बसल्या बसल्या झोपली होती. घोरणं चालू होतं. मध्येच ते थांबलं. छाती वर उचललेली, तोंड उघडं, आणि श्वास नाही. मी दारात थिजलो. वहिनी स्वयंपाकघरातून आली, घाई न करता, जणू घड्याळ लावून ठेवल्यासारखी, आणि आत्याचा खांदा हलवला. आत्या मोठा आवाज करत श्वास घेऊन जागी झाली. तांदूळ जमिनीवर सांडले.

"हात लावू नको मना! किती वेला सांगायचं, सटवे?"

वहिनी तांदूळ गोळा करू लागली. मान खाली ठेवूनच मला म्हणाली, "दिवसभर हेच चालतं. मी हलवते, त्या शिव्या देतात. तुमी या भावजी, बसा. पुस्तक वाचा."

आत्या मला बघून खुलली. "आलास? बस. हिच्याकडे बघू नको." आणि माझ्यासाठी ठेवलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी आणायला ती स्वतः उठली, कारण वहिनीनं वाढलेलं तिला चालणार नव्हतं. तिला चालताना धाप लागत होती. तिनं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी जेवलो. जेवलो आणि काहीही न बोलता खारबावला परत आलो.

त्या घरात मी एकाच गोष्टीवर उभा होतो, की मी शिकलेला आहे. ते आत्यानं मला दिलं होतं, आणि तिच्यासमोर ते माझ्या हातानं मोडायचं धैर्य मला झालं नाही. पण आत्याचा श्वास अडलेला मी पाहिला होता. तिनं मास्क लावायला हवा होता, आणि वहिनीवरचा आळ गेल्याशिवाय ती तो लावणार नव्हती. फोन केला तर ती निम्मं ऐकून ठेवून द्यायची. मग तिचंच वाक्य आठवलं. मी कागद घेतला. हे पत्र कोण वाचून दाखवणार, हे मला लिहिताना पक्कं ठाऊक होतं.

*

आत्या,

हे पत्र वहिनी वाचतील. त्यांना मध्ये थांबवू नकोस.

तुझ्या नळीत तेल गेलं ते माझ्यामुळे. पुस्तकात लिहिलं होतं, नळी टांगून ठेवा, आपोआप वाळू द्या. मी त्याचा अर्थ 'हवा मारा' असा लावला आणि चार रविवार कंप्रेसरची हवा मारली. कंप्रेसरच्या हवेत तेल असतं. जॉबरला विचार, तो सांगेल. वहिनींनी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर गप्प बसवलं आणि तू हसलीस.

तू त्यांना बोललीस तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं. त्या वेळी मला माझी चूक माहीत नव्हती, पण हवा मी मारली हे तर माहीत होतं. तरी मी तेवढंही बोललो नाही. गेल्या रविवारी सगळं कळलं होतं, तरी तुझ्या हातची भाकरी खाऊन निघून आलो. मला शिकवलंस याचं तुला वाईट वाटावं, अशी हीच गोष्ट आहे, चुकीचं इंग्रजी नाही.

जुनी नळी फेकून दे. मी नवीन दोन आणतो, म्हणजे एक वाळत असताना दुसरी लावता येईल. धुतल्यावर वहिनी नळी फिरवून पाणी झटकतात, तसंच करायचं. मग मागच्या खोलीत टांगायची, वरून स्वच्छ फडकं टाकून, म्हणजे रुई जाणार नाही. कारखान्यात न्यायची नाही. हे काम यापुढे वहिनींकडे राहील, त्यांची तयारी असेल तर. नसेल तर मी करीन, त्यांना विचारून.

तू नेहमी म्हणतेस, तोंडाचं काय खरं. म्हणून लिहून देतो. नळीत तेल मी घातलं. वहिनींनी घातलं नाही. खाली सही केली आहे.

पत्र संपलं की वहिनींच्या हातचं पाणी पी आणि मास्क लाव.

वहिनी, आत्या हा कागद दोनदा वाचायला लावेल. दुसऱ्यांदा वाचताना आवाज बारीक करू नका.

तुझा भाचा