शिरूरच्या लिलावात सुनंदाची गोधडी

आधी गोधडीचा खर्च सांगतो. जुन्या साड्या चार, घरच्याच. दोरा नव्वद रुपयांचा. नगरहून शिरूर कासारला जाऊन-येऊन पेट्रोल हजाराचं. करंजीला चहा-भजी, शिरूरला सीताफळं. आणि सुनंदाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, चार महिने. या शेवटच्या बाबीचे किती लावायचे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या साली तिच्या उजव्या हातातली ताकद गेली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. थोड्याच दिवसांत "मला काय गोलंदाजी करायचीय?" म्हणत तिनं चेंडू फेकला आणि सुई उचलली. टाके सरळ येईनात. वरातीतून परतणाऱ्या मित्रांसारखे एकमेकांना धरून, झुकत झुकत चालायचे. पण गोधडी झाली. तेवढ्यात तिचा भाऊ याकोब याचा फोन आला, "दाजी, हंगामाचा सण धरलाय. लिलाव तुमीच पुकारायचा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत या सणाला जो तो घरचं काहीतरी चर्चमध्ये आणतो. कोंबडा, भोपळा, अंडी, हातची वस्तू. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव. शिरूरकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत सण उरकतात, नाहीतर गावात माणूसच उरत नाही. त्या दिवसांत जा. हवा बरी असते, सीताफळ स्वस्त असतं.

लिलावाला मीच का, तर माझे कान. सायकलला कर्णा बांधून भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आज माझे चार मंडपांत स्पीकर वाजतात. बँड चालू असताना शेवटच्या पंगतीत कुणी मीठ मागितलं तरी मला ऐकू येतं. तीस वर्षांत माझ्याकडून एकही बोली सुटलेली नाही. हे मी सगळीकडे सांगतो. तुम्हालाही सांगून ठेवतो.

निघताना सुनंदानं दोन अटी घातल्या. "हाताचं कुणाला सांगायचं नाही. कीव म्हणून घेतलेली मला नको. आणि कुणीच बोललं नाही, तर मी परत सुई धरणार नाही."

करंजी घाटापर्यंत मी गाणी म्हणत होतो. पाथर्डीच्या पुढे रस्ता कधी गुळगुळीत, कधी नुसती खडी. गाडी आदळली की सुनंदा मागे वळून गोधडीकडे बघायची, जणू तिथं पोर झोपलंय. मला राहून राहून तो चेंडू दिसत होता.

शिरूरला सीताफळं घ्यायला थांबलो. विक्रेते रहीमचाचा बोलके निघाले. "घ्या, लई गोड हाय. न्हाई निघालं तर वापस आणा." कुठं चाललात, कशाचा लिलाव, सगळं विचारून झालं. गोधडीचं ऐकल्यावर म्हणाले, "गोधडी? आवं, दीडशेत चादर मिळती बाजारात, फुलाफुलाची. गोधडी आता कोण घेतंय?"

माणूस बिचारा खरं बोलत होता. सुनंदानं सीताफळांची पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "गाडीतच राहू द्यायची का?"

तेव्हा मी हुशारी केली. याकोबच्या घरी बाजरीची भाकरी, ठेचा, गवारीची भाजी असं पोटभर जेवण झालं. हात धुताना याकोबला बाजूला घेतलं. याकोब सरळ माणूस. एक सांगितलं की एकच करतो. "गोधडी निघाली की तू बोली लाव. पैसे माझे. कुणी वर गेलं तरी थांबू नको."

"न्हाई थांबत, दाजी."

उपासनेत पाळकसाहेबांनी देण्यावर बोध केला. देताना कपाळाला आठी नको, म्हणाले. मी लगेच कपाळ चाचपलं.

लिलाव रंगला. कोंबडा तीनदा विकला. हीच आमच्याकडची गंमत. घेणारा पैसे भरतो आणि वस्तू परत दान करतो, की पुन्हा पुकारा. तिसऱ्या वेळी मागून कुणीतरी ओरडलं, "सोडा रं त्याला, चक्कर यील!"

मग गोधडी निघाली. मी ती दोन्ही हातांनी पसरून धरली. उन्हात प्रत्येक वाकडा टाका उघडा पडला. अंगण गप्प. बायकांच्या रांगेत सुनंदा खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

"शंभर!" याकोब.

"एकशे धा." आवाज फाटकातून आला. कडेवर मुलगी घेतलेली एक बाई उभी होती. चर्चच्या मागे राहणारी मंगल, टोळीसोबत जाणारी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. तिला ती हवी होती!

"दीडशे!" याकोब.

मी डोळे वटारले. त्याला वाटलं, मी जोर दे म्हणतोय.

"एकशे साठ," मंगल.

"दोनशे!"

मंगलनं पदराची गाठ सोडली. नोटा बघितल्या, नाणी बघितली. मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. तोंडासमोर माईक असलेला माणूस मेहुण्याला गप्प बस म्हणू शकत नाही. सगळ्या गावाला ऐकू जातं.

"दोनशे धा," ती म्हणाली. पुढे तिच्याकडे काही नव्हतं, ते तिच्या आवाजातच कळलं.

याकोबनं तोंड उघडलं.

"दोनशे दहा एकवारदोनवारतीनवार!" मी एका दमात म्हणालो आणि टेबलावर स्टीलचा पेला आपटला.

"अडीचशे! दाजी, अडीचशे म्हणलो की मी!"

"ऐकू आलं नाही."

"आवं, म्होरंच तर बसलोय! तुमीच म्हणलतात, थांबू नको, पैशे माजे!"

अंगण हसून लोळलं. सुनंदा हसली नाही. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, गेली सुई.

मंगल पैसे भरून तिच्यापाशी गेली. गोधडीचा एक टाका नखानं ओढून पाहिला. "वाकडा हाय, बाई, पर लई घट हाय. सुटायचा न्हाई. चादरीतनं वारं शिरतंय उसाच्या पाचटाच्या कोपीत, पोरगी रातभर कुडकुडती." मुलीनं तोवर गोधडीचं टोक गालाला लावलं होतं.

परतताना पाथर्डी गेली, मी चहाला विचारलं, सुनंदाची मान हलली, नाही. करंजी घाटात अखेर तिनं तोंड उघडलं. "शंभर, दीडशे, दोनशे तुमचे. एकशे दहा, एकशे साठ, दोनशे दहा तिचे. मी तिचे धरलेत." मग थोड्या वेळानं, "नगरात शिरलो की दोऱ्याच्या दुकानापाशी थांबा. बंद व्हायच्या आत."

मी गाडी हाणली.

घरात आता दुसरी गोधडी निम्मी झालीय. टाके अजून झुकतातच. ते सरळ व्हावेत असं मला आता वाटत नाही. चांगुलपणा करायला निघालो तेव्हा मी बायकोच्या कष्टाला खोटं गिऱ्हाईक लावलं होतं, आणि खरं गिऱ्हाईक फाटकात उभं होतं. तुम्ही गेलात तर सुटे पैसे न्या, आणि कुणाला काही शिकवून ठेवू नका.

परवा याकोबचा फोन आला. यंदाही बोलावलंय, दोघांनाही. लिलावाला मात्र केजचा माणूस सांगितलाय. पाळकसाहेब म्हणाले म्हणे, दाजींना आताशा कमी ऐकू येतं.