पोटातला आवाज

खोडाळ्याजवळच्या पाड्यात वेणू सुईणीचा शब्द म्हणजे शब्द. निम्मा पाडा तिच्या हातावर जन्मलेला. घरात मात्र पाळणा हलत नव्हता. मुलगा तुळशीदास ठाण्याला कामावर, आणि सून कमूचं तरण्या वयात डोकं ठणकायचं. तिचं बीपी गोळ्यांनाही दाद देईना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कमूच्या बेंबीशेजारी नळी टेकवली नि म्हणाल्या, "पोटात आवाज येतोय." झालं! दारातली वेणू पुढचं ऐकायला थांबतेय कशाला? तिनं बाहेर जाऊन पाड्यावरून सोबत आलेल्या जीपमधल्या बायांना सून पोटुशी असल्याचं सांगूनही टाकलं.

आत डॉक्टरीणबाई समजावत होत्या. किडनीला रक्त नेणारी नस अरुंद झालीय, आवाज तिचा. किडनीला रक्त कमी पडतं, मग तीच बीपी चढवते. नाशिकला जाऊन नस मोकळी करायची, तोवर गोळ्या सोडायच्या नाहीत. कमूनं मान डोलावली. पण बाहेर सासूचा फुललेला चेहरा बघून तिच्या तोंडून शब्द फुटेना.

घरी वेणूनं गोळ्या आढ्यात खोचल्या. पोटुशीनं गरम औषध घ्यायचं नसतं म्हणे! तिच्या हातांना त्या पोटात काही लागलं नव्हतं, पण आशा वेडी असते. कमूला उलट्या झाल्या, तेव्हा तर तिनं कौतुकानं नागलीची पेज भरवली.

एका सकाळी चुलीपुढची कमू म्हणाली, "आई, मला दिसत नाही गं."

वेणूनं जीप बोलावली. जीप येईपर्यंत तिनं सुनेला मांडीवर घेतलं. तेव्हा कमू रडत बोलली, "बाळ नाहीच, आई. नसेचं दुखणं आहे. तू एवढी हरखलीस, मला सांगवेना."

"अगं येडे," वेणू म्हणाली आणि तिला घट्ट धरून बसली.

नाशिकला जांघेतून बारीक नळी घालून, आत फुगा फुगवून नस उघडली. दाब उतरला, नजर परतली.

घरी आल्यावर पाड्यातल्या बाया विचारपूस करायला जमल्या. सुईणच चुकली म्हटल्यावर तिला कोण बोलावणार? कमू कानाशी लागली, "पोट पडलं म्हणून सांग. कुणी विचारणार नाही."

वेणूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बायांकडे वळली. "पोर नव्हतंच. मी चुकले, हिच्या गोळ्या लपवल्या, आणि माझ्या चुकीपायी माझी सून मरत होती. पडलं म्हटलं, तर उद्या तुम्हीही आपल्या सुनांच्या गोळ्या लपवाल."