विनूची होडी आणि आमची काळजी

मंडळी, आज स्वतःवरच चिडले आहे, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ विनू नोकरीसाठी दापोलीत असतो. त्याने मालवणात एक जुनी शिडाची होडी घेतली. वर्षभर सुट्टी मिळाली की तिथे जायचा आणि स्वतःच्या हाताने ती दुरुस्त करायचा. आता ती दापोलीला आणायची होती. समुद्रातून की ट्रकवर, एवढंच ठरायचं होतं.

तिथला एक जुना मच्छीमार सोबत यायला तयार होता. समुद्र शांत आहे, किनारा धरून जाऊ, असं त्याचं म्हणणं.

पण आम्ही इथे बोरगाव मेघेत बसून रोज फोन करत होतो. बाबांनी तर जेवण सोडायची धमकी दिली. मी म्हटलं, "काऊन जीव धोक्यात घालून राह्यला? ट्रकनं आण ना."

"ताई, पाण्यात तिले काई होत नाई. उचलतानाच खरी भीती आहे."

शेवटी त्याने आमच्यापुढे हात टेकले.

आज सकाळी क्रेनने उचलताना पट्टा सरकला. होडी धक्क्यावर आदळली आणि तळाच्या फळ्या फुटल्या.

दुपारी त्याचा फोन आला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "बाबाले सांगजो, मी बरा आहो."

बाबांनी आणि मी आजवर समुद्र पाहिलेला नाही. तरी निर्णय आम्हीच घेतला.

तुमच्या घरी काय होतं? ज्याला कळतं त्याचं ऐकता, की जो जास्त घाबरतो त्याचं?