रिठावर गेलेले डॉलर

माझी बायको तलाठी होती आणि मी गणिताचा मास्तर. त्यामुळे घरात हिशेब माझा आणि शेवटचा शब्द तिचा, अशी वाटणी ठरलेली. तिच्या निवृत्तीच्या पैशांतून तिला स्कूटी घ्यायची होती. मी म्हटलं, चार महिने थांब, तोवर त्या पैशांचे डिजिटल डॉलर घेऊन ठेवू, रुपया घसरला की हेल्मेट फुकट पडेल. ती म्हणाली, "तुमी मास्तर आहा, तुमाले समजत असन." हे कौतुक नव्हतं, ते मला उशिरा कळलं.

एका ॲपवर डॉलर घेतले. मग व्हिडिओतल्या एका शहाण्याचं ऐकून ते स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे फोनमधल्या डिजिटल पाकिटात, न्यायला निघालो. पाठवताना ॲपने विचारलं, कोणत्या नेटवर्कवरून? पाच-सहा नावं होती. ब्रह्मपुरीच्या बाजारात वांगी घेताना करतो तेच केलं, सगळ्यांत स्वस्त ते निवडलं. पत्ता मात्र तीनदा तपासला, अक्षर न् अक्षर. ॲप म्हणालं, पोचले. वॉलेट म्हणालं, शून्य.

दोन दिवस अन्न गोड लागेना. या बाईने आयुष्यभर कुणाचा गुंठाभर तुकडा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता आणि मी तिची अख्खी स्कूटी हवेत घालवली होती. ॲपवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं की पैसे दुसऱ्या ब्लॉकचेनवर आहेत, पत्ता तोच आहे, वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडा. चारदा वाचूनही मला ओ की ठो कळलं नाही. मग इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये रडगाणं गायलो, तर दहा मिनिटांत तीन सज्जन मदतीला धावून आले. त्यातला एक मला 'सर' म्हणाला आणि मी विरघळलो. त्याला फक्त वॉलेटचे बारा शब्द हवे होते. वॉलेट सुरू करताना मिळालेले ते इंग्रजी शब्द मी डायरीत उतरवून ठेवले होते.

दुपारी जेवणं झाल्यावर डायरी मांडीवर घेऊन सातवा शब्द टाइप करत होतो, तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली.

"हे काय लिहून राह्यले?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि सगळं खरं सांगून बसलो. तिने आधी फोन हिसकावला.

"ह्या बारा शब्दायनं काय होते?"

"वॉलेट उघडतं. कुणालाही उघडता येतं."

"मंजे कोऱ्या कागदावर सही! तलाठ्याच्या घरात राहून तुमी वयख ना पायख अशा मानसाले कोऱ्या कागदावर सही देऊन राह्यले?"

मग चष्मा लावून तिने ॲपवाल्यांचं उत्तर वाचलं आणि हसायलाच लागली. "अवो, पैसे रिठावर गेले तुमचे."

रिठ म्हणजे आमच्याकडचं ओसाड गाव. वस्ती कधीच उठून गेलेली असते, पण सरकारी दप्तरात गावाचं नाव असतं आणि शेतांचे नंबरही असतात.

"रिठावर मानूस राह्यत नाई, मनून जमीन जाते का? सातबारा तर नावावरच हाये. हे बारा शब्द मंजे तुमचा सातबारा. तुमी चुकीच्या गावात पाहून राह्यले."

वॉलेटमध्ये ते दुसरं नेटवर्क जोडलं. शून्याच्या जागी सगळे डॉलर उभे! तिथून हलवायला त्याच नेटवर्कचं नाणं फी म्हणून लागतं. ते थोडं विकत घेतलं, आणि या वेळी नेटवर्क तिने निवडलं. डॉलर ॲपमध्ये परत आले, विकले, रुपये तिच्या खात्यात पडले. मला रडू आवरेना.

तिकडे 'सर'वाला सारखा मेसेज करत होता. तिने माझ्या फोनवरून त्याला उत्तर टाकलं, "आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि दोन साक्षीदार घेऊन सोमवारी या. साहेब दौऱ्यावर आहेत." तो पुन्हा दिसला नाही.

त्याच आठवड्यात स्कूटी आली. ती पुसता पुसता मी धीर करून विचारलं, "रागावली नाहीस ना?"

"पैसे रिठावर गेले तरी आनता येते," ती म्हणाली. "पन मले न सांगता दोन दिवस तुमी कुठी गेलते?"

मी घरातच होतो. फडकं बाजूला ठेवलं आणि बारा शब्दांची डायरी आणून तिच्या हातात दिली.